‘बाबा, यात कुणाचं काय गेलं?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या फोनवर आणि लॅपटॉपवर मिळून तीनेक हजार गाणी आहेत आणि त्यातल्या एकाचेही पैसे त्याने दिलेले नाहीत. तुम्ही म्हणालात, “ही चोरी आहे.” तो म्हणाला, “चोरीत ज्याची वस्तू असते त्याच्याकडची ती जाते. बाबा, यात कुणाचं काय गेलं?” कायद्याने दोघांपैकी कोण बरोबर, असं तुम्ही विचारलंय.

कायद्याने मुलगा बरोबर आहे. पण एवढ्यात त्याला सांगू नका. ज्या मुद्द्यावर तो जिंकलाय तो जिंकून त्याच्या हाती काही लागत नाही, उलट थोडं नुकसानच होतं. कसं ते पुढे सांगतो.

मी सत्तावीस वर्षं मुंबईत कॉपीराईटची कामं करतो. सुरुवातीची सात-आठ वर्षं संगीत कंपन्यांच्या बाजूने पोलिसांबरोबर छाप्यांना जाण्यात गेली. पुढे बाजू बदलली आणि गीतकार-संगीतकारांचे करार वाचणं हाच धंदा झाला. छाप्यांच्या काळात तक्रारअर्जात ‘गाण्यांची चोरी’ हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले असतील. कलम मात्र एकदाही चोरीचं लावलं नाही. लावलं असतं तर पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलाने ते उडवलं असतं.

चोरीची व्याख्या जुन्या भारतीय दंडसंहितेत कलम 378 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तीच व्याख्या कलम 303 मध्ये गेली. वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात असावी, त्याची संमती नसावी, घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असावा आणि त्या हेतूने ती वस्तू जागची हलवलेली असावी. हे सगळं जुळलं तर चोरी. तुमच्या मुलाने गाणं उतरवलं तेव्हा काय हललं? सर्व्हरवरची फाईल जिथल्या तिथे आहे, कंपनीच्या तिजोरीतली मूळ टेप जिथल्या तिथे आहे. त्याच्या फोनवर आणखी एक प्रत जन्माला आली, एवढंच. नवी प्रत तयार करणं आणि जुनी वस्तू उचलून नेणं या दोन क्रिया कायद्याच्या लेखी वेगळ्या आहेत.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण हल्ली माझे ज्युनिअर त्यावरून फार उत्साहात येतात. जुन्या संहितेत जंगम मालमत्ता म्हणजे ‘मूर्त’ मालमत्ता, असा स्पष्ट शब्द होता. नव्या संहितेच्या व्याख्येतून तो ‘मूर्त’ गळलाय. म्हणजे आता अमूर्त गोष्टही चोरीला जाऊ शकते का? त्याआधीही 2019 साली एका कंपनी-वादात सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रांमधली माहितीसुद्धा चोरीचा विषय होऊ शकते असं म्हटलं होतं. पण तिथे मुळात कागद होते, कुणाच्या तरी ताब्यातले. गाण्याच्या बाबतीत ‘मूर्त’ काढला तरी ‘ताब्यातून हलवणं’ शिल्लक राहतंच, आणि तिथेच गाडी अडते.

तुम्ही म्हणाल, मग वीजचोरीचं काय? वीज तरी कुठे हातात धरता येते? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर कायद्याने सरळ दिलेलं आहे. खांबावरच्या तारेवर आकडा टाकणाऱ्याला चोरीच्या साध्या कलमात धरता येत नव्हतं. म्हणून 1910 च्या वीज कायद्यात मुद्दाम एक कलम घालावं लागलं: अप्रामाणिकपणे वीज वापरणाऱ्याने चोरी केली असं ‘समजावं’. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केलं, की हा गुन्हा दंडसंहितेचा नव्हे, वीज कायद्याचा. 2003 च्या वीज कायद्यात तर कलम 135 चं नावच ‘वीजचोरी’ आहे. म्हणजे ज्या गोष्टीला चोरी म्हणायचंय तिला संसद तसं नाव देते, त्यासाठी कायदा लिहिते. कॉपीराईट कायदा 1957 साली झाला, त्यात 1983, 1984, 1992, 1994, 1999 आणि 2012 साली दुरुस्त्या झाल्या. इतक्या वेळा हात फिरूनही बिनपरवाना प्रत करणाऱ्याला चोर समजावं, असं वाक्य त्यात आलं नाही. त्याला जे नाव आहे ते ‘इन्फ्रिंजमेंट’, म्हणजे हक्कभंग.

आकड्यात आणि गाण्यात फरकही आहे. आकड्यातून खेचलेलं युनिट संपतं, ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. गाणं संपत नाही. तुमचा मुलगा नेमकं हेच म्हणतोय आणि इथपर्यंत त्याचं बरोबर आहे.

आता छाप्याची एक गोष्ट. 2001 चा पावसाळा होता. ठाण्याजवळच्या एका औद्योगिक गाळ्यात आम्ही गेलो. आत सीडी कॉपी करणारे टॉवर होते: वरच्या खणात एक मूळ सीडी घातली की खालच्या सात खणांतल्या कोऱ्या सीडींवर एकदम तेच उतरायचं. दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर तीस रुपयांना जायची, तो माल इथे तयार होत होता. जप्ती सहा हजारांच्या वर भरली. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांनी मला विचारलं, “साहेब, फिर्यादीचा कुठला माल गेला ते सांगा.” म्हटलं, कुठलाच नाही. “मग हा माल कुणाचा?” गाळेवाला तत्परतेने पुढे आला. कोऱ्या सीडी त्याने घाऊक बाजारातून रीतसर घेतल्या होत्या, पावत्या फाईलला लावलेल्या. टॉवर त्याचे, वीज त्याची, कागदी वेष्टनंसुद्धा त्याचीच. हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोर मीच.

चोरीच्या खटल्यात मुद्देमाल शेवटी मूळ मालकाला परत जातो. इथे परत द्यायला मूळ मालकाचं काही नव्हतंच. यावर कॉपीराईट कायद्याने एक युक्ती केली आहे. कलम 58 म्हणतं, की हक्कभंग करून केलेल्या सगळ्या प्रती कॉपीराईटधारकाच्या मालकीच्या ‘समजल्या जातील’. म्हणजे गाळेवाल्याने स्वतःच्या पैशाने आणलेल्या कोऱ्या सीडीवर दुसऱ्याचं गाणं उतरलं त्या क्षणी, निदान दाव्यापुरती, ती कंपनीची झाली. आपला कायदा चोरीच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ येतो तो इथे, आणि तोही उलट्या दिशेने: माझी वस्तू तू नेलीस असं न म्हणता तुझी वस्तू आता माझी, असं म्हणतो. हवालदारांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं.

आता मुलाचं नुकसान. समजा त्याने दुकानातून पाचशे रुपयांची एक सीडी खिशात घातली. ही शंभर टक्के चोरी. न्याय संहितेच्या कलम 303 प्रमाणे चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. इतक्या किरकोळ चोरीचा गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस आपणहून पकडत नाहीत.

त्याच सीडीतली गाणी त्याने फुकट उतरवली आणि तो हक्कभंग ठरला, तर कॉपीराईट कायद्याचं कलम 63 लागतं. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी, कमाईसाठी केलेलं नसेल तर न्यायाधीश कारणं नोंदवून किमान शिक्षेच्या खाली येऊ शकतात, एवढी सवलत आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये निट प्रो प्रकरणात सांगून टाकलं. त्याआधी यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांची निरनिराळी मतं होती. थोडक्यात, तुम्ही त्याला चोर म्हणालात तेव्हा नकळत हलक्या कलमात बसवलंत आणि त्याने हुशारीने स्वतःला तिथून बाहेर काढलं.

घाबरू नका. नुसतं ऐकण्यासाठी गाणी उतरवलेल्या विद्यार्थ्याच्या दारात पोलीस आलेत, असं मी सत्तावीस वर्षांत पाहिलेलं नाही. आमचे छापे गाळेवाल्यांवर असत, नंतर एसटी स्टँडसमोरच्या मोबाईल दुकानांवर. पन्नास रुपयांत मेमरी कार्ड गच्च भरून देणारी ती दुकानं आठवतात ना? महाराष्ट्र सरकारने तर व्हिडिओ पायरेट्सना एमपीडीए या खटल्याशिवाय स्थानबद्ध करणाऱ्या कायद्यात नेऊन बसवलं, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या शेजारी. ते सगळं विकणाऱ्यांसाठी.

ऐकणाऱ्याचं काय, हा मात्र खरा कायदेशीर प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर अनेकांना वाटतं तितकं पक्कं नाही. कॉपीराईट कायद्याचं कलम 52 काय केलं तर हक्कभंग होत नाही याची यादी देतं. तिच्यात पहिलंच आहे ‘खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी रास्त व्यवहार’. 2012 पर्यंत ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांनाच होती. ध्वनिमुद्रणाचा उल्लेख नव्हता. तुम्हाला वाटेल संगीत म्हटलं की ध्वनिमुद्रण आलंच, पण कायद्यात ‘संगीत’ म्हणजे रचना, चाल. ती ज्या टेपवर उतरली तो वेगळा हक्क. गीताचे शब्द आणखी वेगळे. एका गाण्यात निदान तीन मालमत्ता असतात आणि बहुधा तीन मालक. गायकाचा हक्क वर निराळा.

यावरून माझीच एक कबुली. 1987 साली सांगलीत मी दहावीत होतो. आमच्याकडे दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर आला आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या कॅसेट आमच्या घरी येऊ लागल्या. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर दोन कॅसेट बसायच्या. रेडिओवर आवडतं गाणं लागलं की लाल बटण दाबायला मी टपून बसायचो आणि निवेदकाने शेवटच्या ओळीवर बोलायला सुरुवात केली की शिव्या घालायचो. पुढे वकिली शिकलो तेव्हा हिशेब मांडून पाहिला. शब्द आणि चाल यांच्यापुरता मी रास्त व्यवहार केला होता, ध्वनिमुद्रणापुरता हक्कभंग. त्या कॅसेट अजून माळ्यावर आहेत. तुमचं वय माझ्याएवढं असेल तर तुमच्याही माळ्यावर असाव्यात.

2012 च्या दुरुस्तीने ‘कोणतीही कृती’ असे शब्द घातले. फक्त संगणक प्रणाली वगळल्या. आता ध्वनिमुद्रणही खाजगी वापराच्या सवलतीत आलं. पण सवलत ‘रास्त’ व्यवहाराला आहे. स्वतःच्या विकत घेतलेल्या सीडीवरून फोनवर घेणं रास्त, यावर फारसं कुणी भांडणार नाही. बेकायदा संकेतस्थळावरून तीन हजार गाणी कायमची उतरवणं रास्त आहे का? यावर सर्वोच्च न्यायालयाचा थेट निकाल नाही. माझं मत विचाराल तर नाही. रास्तपणा ठरवताना किती घेतलं आणि मूळ मालाच्या विक्रीची जागा त्याने घेतली का, हे पाहिलं जातं आणि इथे दोन्ही उत्तरं मुलाच्या विरुद्ध जातात. पण समोर तुमचा मुलगा अशील म्हणून बसला, तर कलम 52 मी शेवटपर्यंत लढवीन आणि ते हसण्यावारी नेता येणार नाही.

न्यायालयांचा कल कळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन गोष्टी. 2016 साली बंद केलेल्या संकेतस्थळांवर एक इशारा झळकू लागला: इथला मजकूर पाहणं, उतरवणं, सगळंच गुन्हा, तीन वर्षं कैद, तीन लाख दंड. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे विषय आला तेव्हा त्यांनी सांगितलं, की नुसतं पाहणं हा गुन्हाच नाही. गुन्हा आहे तो बिनपरवाना वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात. दुसरी गोष्ट 2019 ची, टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे गाण्यांचं ॲप यांच्यातली. विंकच्या ग्राहकांना गाणी ॲपमध्ये साठवून ठेवता येत. विंकचं म्हणणं, ग्राहक स्वतःसाठी साठवतो, म्हणजे खाजगी वापर. न्यायमूर्ती काथावाला यांनी ते मानलं नाही. खाजगी वापराची ढाल ऐकणाऱ्याची आहे, पैसे घेऊन गाणी पुरवणाऱ्या धंद्याने ती उचलायची नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. खंडपीठाने 2022 मध्ये तो निकाल कायम केला.

चोरी की हक्कभंग हा वाद अमेरिकेत आपल्याआधी गाजलाय. डाऊलिंग नावाच्या एका गृहस्थाने एल्विस प्रेस्लीच्या बिनपरवाना रेकॉर्ड छापून राज्याबाहेर पाठवल्या. सरकारने चोरीचा माल राज्याबाहेर नेल्याचं कलम लावलं. 1985 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कॉपीराईट मोडणारा मालकाची वस्तू ताब्यात घेत नाही, मालकाला तिच्या वापरापासून पूर्ण वंचितही करत नाही. म्हणून ते कलम लागत नाही. पण चोर नसल्याने काय वाचतं ते नॅप्स्टरनंतर दिसलं. 1999 साली नॅप्स्टर आलं, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकातली गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय, 2001 साली न्यायालयाने बंद पाडलं आणि 2003 पासून कंपन्या थेट ऐकणाऱ्यांवर दावे टाकू लागल्या. मिनेसोटातल्या एका बाईंवर चोवीस गाणी वाटण्यासाठी उघडी ठेवल्याचा दावा होता. गाण्यामागे तेव्हा आयट्यून्सवर नव्व्याण्णव सेंट पडत, म्हणजे सगळी मिळून चोवीस डॉलरच्या आतला माल. ज्यूरीने एकदा 2 लाख 22 हजार डॉलर भरपाई ठरवली, फेरसुनावणीत 19 लाख 20 हजार, तिसऱ्या वेळी 15 लाख. शेवटी अपिलात पुन्हा 2 लाख 22 हजारांवर प्रकरण थांबलं. चोवीस डॉलरची वस्तू दुकानातून उचलली असती तर बाई कितीतरी स्वस्तात सुटल्या असत्या. आपल्याकडे प्रत्येक गाण्यामागे ठरीव भरपाईची ती पद्धत नाही, नुकसान दाखवावं लागतं, हे मुलाचं नशीब.

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण कलमांनी तो संपत नाही. “कुणाचं काय गेलं?” मराठीत आपण चोरी हा शब्द सैल वापरतो. चाल चोरतो, अंग चोरतो, नजर चोरतो. तेव्हा बोलताना कुणी गाणं चोरलं म्हटलं तर मी त्याला अडवत नाही. पण नेमका शब्द हवा असेल तर आपल्याकडे ‘बुडवणं’ आहे. भाडं बुडवतो, कर बुडवतो, तिकीट बुडवतो. लोकलमध्ये ‘विदाऊट’ जाणारा कुणाची जागा घरी नेत नाही. गाडी त्याच्यावाचूनही धावणारच होती, मोटरमनचं काही गेलेलं नाही. तरी टीसी त्याला उतरवतो आणि त्याच्यासाठी रेल्वे कायद्यात 137 आणि 138 ही वेगळी कलमं आहेत. खिसेकापू त्याच डब्यात सापडला तर त्याला नेतात ते दुसऱ्याच कलमाखाली. तुमचा मुलगा खिसेकापू नाही, विदाऊट आहे. कुणाचं काही गेलेलं नाही. कुणाचं तरी येणं आलेलं नाही.

कुणाचं येणं, हा प्रश्न मात्र कंपन्यांच्या वकिलाला अवघड जातो. मीही आधी त्यांचाच वकील होतो म्हणून सांगतो. 2009 साली मराठवाड्यातले भीमगीतं लिहिणारे एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. त्यांच्या तालुक्यात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांचीच गाणी वाजत, प्रत्येक मेमरी कार्डात तीच असत. स्टँडसमोरच्या दुकानदारांवर केस करायची, असं ठरवूनच ते आले होते. मी करार मागितला. शंभराच्या स्टँपपेपरवर एक पान होतं: सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, प्रत्येक कॅसेटमागे एकरकमी अकराशे रुपये. म्हणजे त्या सगळ्या दुकानदारांनी रीतसर पैसे भरले असते, तरी यांच्या खिशात एक रुपया येणार नव्हता. दुकानदाराने बुडवलं ते कंपनीचं येणं. यांचं येणं तर कंपनीने सहीच्या दिवशीच संपवलं होतं. मी हे सांगितल्यावर ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “म्हणजे त्यांनी माझी गाणी गावभर फुकट वाटली हे बरंच झालं की.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

त्या काळी हे सर्रास होतं आणि त्याला 1977 पासूनचं पाठबळ होतं. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या प्रकरणात चित्रपटासाठी लिहिलेल्या गीतांचे आणि चालींचे हक्क निर्मात्याकडे जातात असा निकाल दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला पुस्ती जोडून गायकाच्या पदरात काहीच पडत नाही याची खंत नोंदवली. गायकांना हक्क 1994 साली मिळाला. गीतकार-संगीतकारांसाठी 2012 उजाडलं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी ही दुरुस्ती लावून धरली. आता करारात काहीही लिहिलेलं असो, चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजून जे मानधन येतं त्यातला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडताच येत नाही. सोडला तरी ते कलम निरर्थक. म्हणून तुमच्या मुलाचं गाणं फुकट असणं 2009 साली जितकं निरुपद्रवी होतं तितकं आज राहिलेलं नाही. आज अधिकृत ॲपवर, अगदी जाहिराती ऐकत फुकट वाजवलं, तरी ते मोजलं जातं आणि मोजणीप्रमाणे थेंब थेंब का होईना पुढे जातं. उतरवून ठेवलेली फाईल हजार वेळा वाजली तरी कुणाच्या वहीत चढत नाही. रक्कम फार मोठी असते असं मी म्हणणार नाही. माझ्या गीतकार अशिलांची तिमाही पत्रकं मी पाहतो आणि त्यातल्या काहींवर चहाचे पैसे सुटत नाहीत. पण पत्रक येतं. त्या गृहस्थांना पत्रकसुद्धा आलं नव्हतं.

मुलाच्या तीन हजारांत काही गाणी अशीही असतील की जी उतरवायला त्याला कुणाचीच परवानगी नको. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं टिकतो. 1964 पर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्ड 1 जानेवारी 2025 ला मोकळ्या झाल्या. मात्र शब्द आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात. आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क संपायला आले तेव्हा 1992 साली ती दहा वर्षांनी वाढवली. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 साली गेले, देवल 1916 साली, त्यांची पदं कधीच सर्वांची झाली आहेत. गदिमा गेले 1977 साली, म्हणजे गीतरामायणाचे शब्द 2037 च्या अखेरपर्यंत राखीव. सुधीर फडके गेले 2002 साली, म्हणून चाल 2062 पर्यंत. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांवरून नाट्यपदं उतरवून देणारे हौशी संग्राहक पुण्या-मुंबईत आहेत. त्यातलं बरंचसं निर्धोक आहे, पण चालकर्त्याच्या मृत्यूचं साल बघूनच.

तेव्हा मुलाशी बोलताना चोरीचा विषय सोडा आणि गाणी आली कुठून ते विचारा. व्हिडिओतून गाणं वेगळं काढून देणाऱ्या साईटवरून घेतली असतील तर ते त्या व्हिडिओ-सेवेच्या अटींविरुद्ध आहे. शिवाय फाईलचं डिजिटल कुलूप तोडून घेतलं असं ठरलं तर कलम 65 अ मध्ये दोन वर्षांपर्यंतची कैद आहे. अशी एक मोठी जर्मन साईट 2017 साली कंपन्यांशी तडजोड करून बंद झाली. मित्राच्या पेनड्राईव्हवरून घेतली असतील तर तो माझ्या 1987 च्या पंथातला.

टोरंटवरून घेतली असतील तर मात्र कान पकडा. टोरंटमध्ये फाईल उतरवताना तिचे तुकडे त्याच वेळी आपल्या मशिनवरून इतरांना जात असतात आणि उतरवून झाल्यावरही जात राहतात. मग तो ऐकणारा राहत नाही, वाटणारा होतो. खाजगी वापर म्हणून मी जी ढाल लढवणार होतो ती तिथे गळून पडते. लॅपटॉप झाकलेला असला आणि आत ते ॲप चालू असलं तरी तेच. आज त्याच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात तसलं चिन्ह दिसलं तर आधी ते बंद करायला सांगा. चोरी होती की नव्हती, हे जेवताना भांडा.